नळी बदलायची की बोअर वाढवायचा?

सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत परवान्याच्या बंदुका म्हणजे मुख्यतः ठासणीच्या आणि बारा बोअरच्या. रायफल एखाद्याच घरात. असली तर ती बहुधा .३१५ : इशापूरच्या सरकारी कारखान्याची, इंग्रजांच्या एनफिल्ड रायफलीच्या धर्तीच्या, हाताने मागेपुढे सरकवायच्या बोल्टची, पाच काडतुसांच्या मॅगझिनची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. आता रायफल असते ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, आणि वर्षाचा बराच काळ ती कपाटात उभी असते. त्यामुळे आपल्याकडची नळी गोळ्या झाडून झिजत नाही, गंजून जाते. परदेशी जाणकारांचं लिखाण वाचताना एवढं डोक्यात ठेवावं. तिकडे हजारो फैरींच्या उष्णतेने कोठीपुढचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीपुढचा, भाग जळतो आणि मग नळी बदलावी की बोअर वाढवावा, म्हणजे जुन्याच नळीचं भोक मोठं करून जाड गोळी चालवावी, हा प्रश्न येतो. तोच हिशेब गोव्याच्या दमट हवेत जसाच्या तसा लावला तर उत्तर चुकतं.

ज्या रायफलीबद्दल हे लिहितो आहे ती .३१५ च होती आणि तिच्या तक्रारी दोन. पन्नास मीटरवर गोळ्या वीतभर पसरत होत्या. शिवाय फैर झाडल्यावर काडतुसाचं रिकामं पितळी खोकं कोठीत अडकायचं. बोल्टची मूठ तळहाताने ठोकून वर करावी लागायची. ज्याने त्याने पहिल्या तक्रारीचीच चर्चा केली, कारण नळीत डोकावलं की काळे डाग लगेच दिसतात. निर्णय मात्र दुसऱ्या तक्रारीने केला.

पण आधी साफसफाई. मळलेली नळी बघून तिच्याबद्दल मत बनवण्यात काही अर्थ नसतो. मॅगझिन काढलं, कोठी रिकामी असल्याचं बोट घालून पाहिलं, मग बोल्ट बाहेर काढला. या धर्तीच्या रायफलीत बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वरच्या बाजूला उचलावं लागतं, तेव्हाच तो सुटतो. नुसता ओढत बसलात तर पट्टीची कड खराब होते. साफसफाईची सळई नेहमी मागून, म्हणजे कोठीच्या बाजूने घालायची. तोंडाकडून घातली की ती दर वेळी तोंडाची कड घासते आणि नेमकी तीच कड गोळीला शेवटचं वळण देते. कार्बन काढायला ब्राँझचा ब्रश, मग अमोनिया असलेलं तांबं-विरघळवणारं द्रावण, आणि मध्ये मध्ये पांढऱ्या सुती चिंध्या. चिंधी निळसर-हिरवी निघते आहे तोवर नळीत तांबं आहे असं समजायचं. तांब्याच्या थराखाली गंजाचे खड्डे लपतात, आणि कधी कधी उलटंही होतं : जो खड्डा वाटत होता तो नुसता साचलेला मळ निघतो. या सफाईत अर्धे डाग गेले. उरले ते खरे खड्डे.

हे खड्डे येतात कुठून? जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. फैरीनंतर नळीत त्याचं क्लोराइड उरतं, ते मिठासारखं पाणी ओढतं. तेलात ते विरघळत नाही. म्हणून फैर झाडून नळीला नुसतं तेल लावून ठेवणारा माणूस त्या मिठावरच तेलाचं पांघरूण घालत असतो. ते काढायला पाणीच लागतं : कोठीच्या बाजूने नरसाळ्याने कढत पाणी ओतायचं, कोरड्या चिंध्या फिरवायच्या आणि मगच तेल. हे त्याच संध्याकाळी व्हायला हवं. पावसाळ्यात एक रात्र गेली तरी नळीत तांबूस छटा येते.

दुसरं कारण खोबरेल. घरात हाताशी असतं म्हणून लावलं जातं. काही महिन्यांत ते चिकट होतं, थंडीत गोठतं, आणि बोल्टच्या आतली फायरिंग पिनची स्प्रिंग त्यात मंदावते. तिसरं चामड्याचं म्यान. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि हवेतली ओल मिळून धातूला खातात; रायफल त्यात न्यावी-आणावी, ठेवू नये. चौथं, धूळ जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेली चिंधी. ती ओल धरून ठेवते, आणि कोणी ती विसरून फैर झाडली तर नळी फुगते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र सहसा ठाण्यात जमा करावं लागतं आणि तिथे ते बरेच दिवस राहतं. तेव्हा देताना तेलाऐवजी ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि परत आल्यावर फैर झाडण्याआधी तो कोठीतून आणि नळीतून पूर्ण पुसून काढावा.

साफ नळी उजेडाकडे धरून पाहिली, नंतर दुरुस्तीचा परवाना असलेल्या मिस्त्रीकडे बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या आत पाहायच्या बारीक दुर्बिणीने. खड्डा किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व जास्त. नळीच्या मधल्या भागातले विखुरलेले बारीक खड्डे फारसं बिघडवत नाहीत. तांबं लवकर धरतं, साफसफाई वाढते, एवढंच. शेवटच्या दोन-तीन इंचांतले खड्डे नेम बिघडवतात. कोठीपुढच्या भागातले खड्डे गोळीला पहिल्याच क्षणी ओरबाडतात. कोठीतल्या खड्ड्यांनी नेम बिघडत नाही, रायफल चालायची थांबते. या नळीत मधले खड्डे होते, तोंडाकडे थोडे होते, आणि कोठीत बरेच.

मग नळीतून शिसं ठोकून माप घेतलं. गळाला लावायचं मऊ शिसं म्हापशाच्या बाजारात सहज मिळतं. नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठा तुकडा, आतून तेलाचा हात दिलेली नळी, पितळी सळई आणि लाकडी हातोडी. शिसं पुढे सरकताना हाताला सगळं कळत जातं. सारखाच जोर लागत गेला तर नळी एकसारखी. मध्येच एका जागी शिसं मोकळं सुटून पुन्हा आवळलं तर तिथे नळी फुगलेली आहे. मग बोअर वाढवण्याचा विचार तिथेच सोडायचा. इथे फुगवटा नव्हता, पण तोंडाजवळच्या शेवटच्या चार बोटांत शिसं सैल झालं. सळई आणि दोरी तोंडाकडून घालून केलेल्या सफाईची ती खूण. बाहेर आलेल्या शिशाचा व्यास मायक्रोमीटरने मोजताना एक अडचण येते. एनफिल्ड घराण्यातल्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या खाचा बहुधा पाच असतात. विषम संख्येमुळे एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरचं वाचन खोटं येतं. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. बोअरचं नाव .३१५ असलं तरी त्याच्या गोळीचा व्यास ०.३२३ इंच, म्हणजे ८.२० मिलिमीटर. खाचांचं माप याच्या आसपास असेल तर नळी झिजलेली नाही.

तोंडाची झीज स्वस्तात दुरुस्त होते. लेथवर कड नव्याने कापायची, किंवा झिजलेला भाग आतून थोडा मोठा करून खाचांची सुरुवात आत ढकलायची. दुसऱ्या पद्धतीत नळीची लांबी कायम राहते आणि आपल्याकडे तीच बरी, कारण शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. नुसत्या नेमाची तक्रार असती तर या रायफलीचं काम इथेच संपलं असतं. पीकसंरक्षणात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला तीस-चाळीस मीटरवरचं लक्ष्य असतं. त्या अंतरावर चार बोटांचा पसारा चालतो. खड्डे दिसले म्हणून नळी बदलायला निघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना फक्त तोंडाची कड नीट करून हवी असते, असं आमचं मत आहे.

आता कोठी. इथे जरा थांबतो, कारण सगळा निकाल इथे लागला.

काडतूस पेटलं की पितळी खोकं दाबाने फुगून कोठीच्या भिंतीला चिकटतं, दाब उतरला की जरासं आक्रसतं आणि म्हणून सहज निघतं. भिंतीला खड्डे असतील तर पितळ त्या खड्ड्यांत घुसतं आणि आक्रसल्यावरही अडकून राहतं. याचा पुरावा रिकाम्या खोक्यावरच असतो. .३१५ च्या खोक्याच्या बुडावर ‘केएफ’ आणि ‘८ एमएम’ असा छाप असतो, केएफ म्हणजे खडकीचा कारखाना. अशी रिकामी खोकी ओळीने लावून त्यांच्या अंगावरून नख फिरवलं. प्रत्येकावर, एकाच जागी, बुडापासून बोटभर वर, पुळ्या लागत होत्या. खोकं कोठीत बसतं तेव्हा वरची बाजू कोणती हे शाईने खुणावून पुन्हा पाहिलं तर पुळ्यांचा पट्टा खालच्या बाजूला आला. रायफल कपाटात उभी असली तरी प्रवासात आणि ठाण्यात ती आडवी पडते. तेलासह ओल खालच्या अंगाला जमते आणि तिथेच खाते.

कोठीचा साचाही काढला. सेरोसेफ नावाची मिश्रधातू साधारण ७१ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे स्टोव्हवर पाण्याच्या भांड्यात ठेवूनही काम होतं. कोठीपुढे नळीत चिंधीचा बूच मारायचा, ती ओतायची, थिजली की मागून ढकलून काढायची. थिजताना ती किंचित आक्रसते म्हणून निघते, आणि तासाभराने पुन्हा फुगून कोठीच्या खऱ्या मापाला येते. त्यामुळे माप तासाभरानेच घ्यायचं. लगेच घेतलं तर कोठी आहे त्यापेक्षा लहान दिसते. साच्यावर खड्डे उंचवट्यांसारखे उमटले होते. बारीक एमरीने घासून जातील इतके ते उथळ नव्हते. घासूनच काढायचे तर कोठी इतकी मोठी झाली असती की खोकी फुगून फाटायला लागली असती.

इथे एक घातक घरगुती उपाय सांगून ठेवतो, म्हणजे तो कोणी करणार नाही. खोकं अडकतं म्हणून काही जण कोठीला तेल लावतात. खोकं भिंतीला धरून राहतं तेव्हा मागच्या धक्क्याचा काही भाग कोठीची भिंत घेते. तेलाने ती पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. एनफिल्डचा बोल्ट बंद धरून ठेवणारे खटके मागच्या बाजूला आहेत. त्यांच्यावर विनाकारण भार टाकू नये. कोठी फैरीच्या वेळी कोरडीच हवी.

आता बोअर वाढवण्याकडे. काम काय असतं? जुनीच नळी घेऊन तिचं भोक मोठं करायचं, रीमरने गुळगुळीत करायचं, नव्या खाचा एकेक करून कापायच्या, शिशाने घोटायचं आणि शेवटी नव्या काडतुसाची कोठी कापायची. बटण ओढून खाचा पाडण्याची पद्धत इथे चालत नाही. नळी बाहेरून निमुळती असते, पातळ भागात ती बटणाने जास्त ताणली जाते आणि आतलं माप जागोजागी बदलतं. या कामाचे फायदे खरे आहेत : नळीचा बाहेरचा आकार, माशी (पुढची साईट), मागची साईट, दस्त्यातली बैठक, नळीवरचे छाप, सगळं जसंच्या तसं राहतं. मूळ रूप जपायला हवं अशा जुन्या रायफलीला हाच मार्ग शोभतो.

पण बोअर फक्त मोठाच होतो, लहान होत नाही. आणि नव्या भोकाचा व्यास जुन्या खाचांच्या व्यासापेक्षा मोठा हवा, नाहीतर जुन्या खाचांचे अवशेष आणि त्यातले खड्डे तिथेच राहतात. हिशेब सोपा आहे. .३३८ च्या गोळीसाठी भोक ०.३३० इंच म्हणजे ८.३८ मिलिमीटर असतं. जुन्या खाचा ८.२० च्या. बाजूला फक्त ०.०९ मिलिमीटर धातू निघतो. त्याहून खोल खड्डा उरणारच. .३५८ साठी भोक ८.८९, मग बाजूला सुमारे ०.३४ मिलिमीटर निघतो आणि बहुतेक गंज जातो. अमेरिकी .३०-०६ काडतुसाची नळी असेल तर परिस्थिती आणखी बरी, कारण तिच्या खाचा ७.८२ च्या; .३३८ ला ०.२८ आणि ९.३ ला जवळपास ०.६ मिलिमीटर निघतो. अमेरिकेत .३०-०६ वरून .३५ व्हेलन किंवा ९.३×६२ या जाड गोळीच्या काडतुसांची नळी करून घेतात ते म्हणूनच. त्यातही ९.३×६२ चं खोकं अंगाने किंचित जाड आणि त्याचा खांदा पुढे, त्यामुळे जुनी कोठी पूर्ण कापली जाऊन नवी मिळते. .३५ व्हेलनमध्ये खोक्याचं अंग .३०-०६ चंच राहतं; फक्त मान मोठी होते, जुनी कोठी तशीच.

नेमकं हेच .३१५ ला आडवं येतं. खोकं तेच ठेवून नुसती गोळी मोठी केली तर खाचा नव्या होतील, पण कोठीचं अंग जुनंच, खड्ड्यांसकट. खोकी अडकायचीच. म्हणजे या रायफलीचा जो खरा आजार, त्याला बोअर वाढवून हात लागत नाही. भिंतीची जाडीही पाहावी लागते : माशीच्या आणि साईटच्या खोबणीखाली, स्क्रूच्या भोकांखाली नळी आधीच पातळ असते, तिथे आतून आणखी धातू काढायचा म्हणजे मोजूनमापूनच.

त्याहून मोठी अडचण काडतुसाची. .३१५ हे मुळात ८×५०आर मानलिखर हे ऑस्ट्रियन काडतूस. इंग्रजांनी .३०३ हे लष्करी काडतूस हिंदुस्थानात खासगी हातांत जाऊ दिलं नाही म्हणून हे इथे रुजलं, आणि .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. .३१५ दुकानात मिळतं, .३०-०६ मिळू शकतं. .३३८ किंवा .३५ व्हेलन आपल्या दुकानात कोण आणणार? २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. इशापूरची रायफल एका कंपनीकडे गेली आणि खडकीचं काडतूस म्युनिशन्स इंडियाकडे, पण काडतुसांची मापं तीच राहिली. ज्या बोअरचं काडतूस मिळत नाही ती रायफल भिंतीवर टांगायची.

पोर्तुगीज काळात मोझांबिक-अंगोलाकडे गेलेल्या घरांत एखादी ९.३×६२ ची मॉझर रायफल सापडू शकते. तिच्याबाबत हिशेब उलटा. तिचा बोअर .३०-०६ ला लहान करता येत नाही, पण नवी .३०-०६ ची नळी मात्र छान बसते, कारण दोन्ही खोक्यांच्या बुडाचा व्यास जवळपास सारखा आणि काडतुसाची लांबीही ८४ मिलिमीटरच्या आसपास. बोल्ट आणि मॅगझिन फारसं छेडावं लागत नाही. फक्त इथे बोअर बदलतो, म्हणजे परवान्यावरची नोंद बदलते, आणि ती मंजुरी हातात आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ मध्ये एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलण्यावरही परवान्याचं बंधन आलं आहे.

मधले पर्यायही तपासले. नळी एक आटा मागे घेऊन कोठी पुन्हा कापणं : त्यात जेमतेम दोन मिलिमीटरच्या आत सरकता येतं, खड्ड्यांचा पट्टा त्याहून रुंद. आतून नवी नळी सरकवणं : .२२ सारख्या कमी दाबाच्या बोअरला ठीक, इथे नको. उरली नवी नळी, त्याच बोअरची.

नवी नळी कशावर बसवणार ते आधी पाहावं लागतं. बॉडीला (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याला) तडा, बोल्टच्या खटक्यांची बैठक दबलेली, असं काही असेल तर नवी नळी म्हणजे पैसे पाण्यात. खटक्यांवर निळा रंग लावून बोल्ट बंद-उघड केला. दोन्ही बाजूंचा रंग सारखा उतरला. एकाच बाजूचा उतरला असता तर सगळा भार एका खटक्यावर पडत असल्याचं कळलं असतं.

कागदाचं काम कंटाळवाणं, पण क्रम चुकवू नये. बोअर तोच राहणार असला तरी नळी हा शस्त्राचाच भाग आहे. ती पोस्टाने मागवता येत नाही आणि कुठल्याही लेथवाल्याकडे कापता येत नाही. मिस्त्रीचं लेखी पत्र (दोष काय, बोअर तोच, क्रमांक अमुक), परवान्याची प्रत आणि अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात. रायफल दुरुस्तीला देताना पावती. मिस्त्री बेळगावला असेल तर परवान्याची हद्द आधी वाचावी. पीकसंरक्षणाचा परवाना बहुधा मर्यादित क्षेत्राचा असतो, घाट ओलांडला की तो संपतो. आणि क्रमांक! कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह पुसणं गुन्हा आहे. पॉलिश करणारा पोऱ्या चकचकीत करण्याच्या नादात क्रमांक घासून टाकतो, त्याला तोंडी बजावून भागत नाही. क्रमांकावर चिकटपट्टी लावूनच रायफल द्यावी.

खोलताना एनफिल्ड बांधणीत एक सापळा आहे. मागचा दस्ता लांब बोल्टने आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या कडेत बसतं. पुढचं लाकूड न काढता मागचा बोल्ट फिरवला की ते लाकूड उभं चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, तेही सरळ खाली ओढून, डावं-उजवं न हलवता. मग नळी-बॉडीच्या सांध्यात भेदक तेल, रात्रभर. नळी तांब्याच्या अस्तराच्या वाईसमध्ये आणि बॉडीला पुढच्या कड्यावर नेमका बसणारा पाना. बॉडीच्या मागच्या पोकळीत पहार घालून फिरवणारे आहेत. त्यात बॉडी पिळली जाते आणि मग बोल्ट कायमचा अडखळतो. नळी सुटत नसेल तर ती तशीही बाद आहे, खांद्यापुढे थोडा धातू कापून ताण मोकळा करता येतो.

नवी नळी आवळताना दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : आटे पुरेसे घट्ट बसले पाहिजेत आणि वरचा सपाट भाग बरोबर वर आला पाहिजे. तो कललेला राहिला तर माशी वाकडी. खांद्यावरून अगदी थोडा थोडा धातू काढत ती जागा गाठतात. एकदा जास्त निघाला की परत येत नाही. नंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा. .३१५ रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) टेकतं, म्हणून बोल्टचं डोकं आणि नळीचं बूड यांत रिमच्या जाडीएवढी, किंचित जास्त, जागा हवी. मिस्त्र्यांकडे ही जागा मापायची .३०३ ची गेजं असतात, पण दोन्ही काडतुसांच्या रिमची जाडी वेगळी. ती गेजं इथे वापरू नयेत. जागा थोडी जास्त वाटली तर एनफिल्डमध्ये बोल्टचं डोकं बदलून जमवता येतं, ही या बांधणीची मोठी सोय.

चाचणीची जादा दाबाची फैर रायफल पक्की बांधून, दोरीने, आडोशामागून झाडतात. नंतर खोकं तपासायचं : बुडाजवळ चमकदार वळं दिसलं तर हेडस्पेस जास्त, टोपी सपाट झाली तर दाब जास्त. यावेळी खोकी बोटाने निघाली आणि अंगावर नख कुठे अडलं नाही.

ब्लूइंग, म्हणजे धातूवरचा निळसर-काळा मुलामा, उकळत्या कॉस्टिक क्षाराच्या टाकीत होतं. ते क्षार आट्यांच्या सांध्यात राहतात आणि आपल्या पावसाळ्यात आठवडाभराने पांढुरके बाहेर येतात, त्यामागून गंज. टाकीतून काढल्यावर उकळत्या साध्या पाण्यात भरपूर वेळ, मग पाणी हटवणारं तेल. कथलाने डाग दिलेल्या माशीला किंवा जोडनळीला ही टाकी दाखवू नये, कॉस्टिक कथील खातं.

नेम बसवणं शेवटी, परवानगीच्या रेंजवर. काडतुसांचा वार्षिक कोटा आखडता असतो आणि चाचणीची काडतुसं त्यातूनच जातात, म्हणून हिशेब आधी करून ठेवलेला बरा. दोन साईटमधलं अंतर ५०० मिलिमीटर, लक्ष्य ५० मीटरवर, गोळ्या १० सेंटिमीटर वर लागतात. तर ५०० × १०० ÷ ५०,००० म्हणजे माशी १ मिलिमीटरने उंच हवी. गोळी वर लागत असेल तर माशी उंच, खाली लागत असेल तर माशी घासून कमी. म्हणून नवी माशी मुद्दाम उंच बसवतात. घासता येते, वाढवता येत नाही. पुढचं लाकूड बॉडीला मागे घट्ट टेकलेलं आहे ना हे नेम बसवण्याआधी पाहावं. तिथे फट असली तर पहिल्या तीन गोळ्या एका जागी आणि पुढच्या तीन भलतीकडे जातात, आणि दोष उगाच नव्या नळीवर येतो.

जुनी नळी घरी आणायची नाही. ती मिस्त्रीच्या नोंदवहीत जमा करून तिची पावती घ्यायची, नव्या नळीवरचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा आणि दोन्ही कागद परवान्यासोबतच ठेवायचे; पुढच्या नूतनीकरणाला किंवा निवडणुकीच्या जमा-पावतीला क्रमांक जुळवून पाहतात तेव्हा तेच लागतात.